पिशवीचे बंद

पिशवीचा इतिहास कुणी मनावर घेऊन लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. किल्ल्यांचा आहे, नाण्यांचा आहे, पगड्या-दागिन्यांचाही आहे. पिशवी पडली रोजची, खुंटीला टांगलेली. तिच्याकडे कोण बघतंय? पण मराठीतले नुसते शब्द मांडले तरी केवढा संसार उभा राहतो पाहा. गोसाव्याची झोळी, वाटसरूच्या खांद्यावर पुढे-मागे लोंबणारी पडशी, पानसुपारीची चंची, आजीबाईचा बटवा, कमरेला बांधायचा पैशांचा कसा, राजकारणी पत्रांची थैली, धान्याची गोणी, पोतं. प्रत्येकीत काय जायचं आणि ती कुणी वागवायची हे ठरलेलं. पिशवीला मात्र असं काही बंधन नाही. ती कुणाचीही आणि कशासाठीही.

हे सगळं सुचायचं कारण, गेली पन्नासएक वर्षं जगभर शहाणीसुरती माणसं ‘पर्यावरणाची पिशवी’ तयार करण्याच्या खटपटीत आहेत. प्लास्टिकची फेकून देण्याऐवजी पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी, दिसायला बरी, वर एखादं झाड किंवा पृथ्वीचा गोल आणि खाली फळ्यावरच्या सुविचारासारखं वाक्य. अशा पिशव्या आमच्या घरात एकोणीस आहेत. सत्कार, शिबिरं, पुस्तक प्रकाशनं, पतपेढीचा वर्धापनदिन, सगळीकडून आलेल्या. भाजीला मात्र जाते ती दारामागची, ह्यांच्या जुन्या पँटची शिवलेली. तिच्यावर झाड नाही आणि सुविचारही नाही. मग पिशवी घडवताना नेमकं काय साधलं की ती हातात राहते आणि काय हुकलं की ती कपाटात जाते, ह्याचा शोध घेत थोडं वाचत गेले. त्यातलं जे सापडलं ते सांगते.

माझ्या लहानपणी पिशवी ही विकत घ्यायची वस्तूच नव्हती. वाण्याकडे रद्दीच्या कागदाचा पुडा, वरून टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून बांधलेला. तेलाला किटली, दळणाला डबा, दुधाला चरवी. रेशनला मात्र कापडी पिशव्या लागत आणि त्या वेगवेगळ्या असत, कारण गव्हाच्या पिशवीत साखर घेतली की घरी बोलणी बसत. ह्या पिशव्या यायच्या कुठून? तर जुनेरातून. पँट गुडघ्यावर आणि बैठकीवर विरते, पण पोटरीकडचं कापड शाबूत राहतं. त्या नळीचं एक तोंड शिवलं की झाली पिशवी. लुगडं विरलं तरी त्याचे काठ टिकतात, कारण काठाची वीण दाट असते. म्हणून काठाचे बंद. ही रचना कुणा एकीने शोधलेली नाही. घराघरांतल्या बायकांनी कापड कुठे झिजतं हे पाहून ती बसवली होती.

१९७२च्या सुमारास मी शाळेत लागले. मराठी आणि इतिहास शिकवायचे, पण पुढे कार्यानुभवाचे तासही गळ्यात पडले आणि मला ते आवडायला लागले. मुलामुलींकडून आम्ही पिशव्या शिवून घ्यायचो. परीक्षा अशी की पिशवीत दोन विटा घालून ती खिडकीच्या गजाला टांगायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायची. वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसली. पिशवी तळाशी क्वचित फाटते, कापडात तर फाटतच नाही. ती फाटते जिथे बंद जोडलेला असतो तिथे. कारण सगळा भार त्या चार बोटं जागेवर येतो. ह्यावर गावच्या शिंप्याने मुलांना जो उपाय शिकवला तो असा: बंद तोंडाशी टाचून सोडायचा नाही. तो पिशवीच्या अंगावरून खाली न्यायचा, तळाखालून फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूने वर आणायचा. मग ओझं शिवणीवर न येता बंदावर बसतं. अशा पिशवीने चार विटाही सोसल्या.

ही बंदाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात कागदी पिशव्यांचे कारखाने निघाले. त्या पिशव्या पाकिटासारख्या असत, उभ्या राहत नसत. मार्गारेट नाइट नावाच्या कामगार बाईने सपाट तळाची पिशवी आपोआप घडवणारं यंत्र तयार केलं. ते पाहून एका पुरुषाने स्वतःच्या नावावर पेटंट मागितलं. बाई कोर्टकज्जात उतरली, आपली रेखाटनं दाखवली आणि जिंकली. १८७१ साली पेटंट तिला मिळालं. (मुलींच्या शाळेत हा धडा असायला हवा होता, असो.) पण ह्या पिशवीला बंद नव्हते, ती कुशीत धरून न्यावी लागे. बंदाचा प्रश्न सोडवला तो सेंट पॉल गावच्या वॉल्टर ड्यूबनर ह्या वाण्याने. त्याने पाहिलं की गिऱ्हाईक पैसे संपले म्हणून थांबत नाही, हात भरले म्हणून थांबतं. त्याने १९१२च्या सुमारास कागदी पिशवीतूनच सुतळी फिरवून आणली. तीच खालून आधार आणि तीच वर मूठ. आमच्या शिंप्याची युक्ती! ७५ पौंड, म्हणजे सुमारे ३४ किलो वजन ती पेलायची असं सांगतात. किंमत ५ सेंट. तीन वर्षांत त्याचा खप वर्षाला दहा लाखांच्या वर गेला.

ह्यातली गोम पाहा. आपली पिशवी घरून निघायची, म्हणून तिच्यात मावेल तेवढाच बाजार व्हायचा. ड्यूबनरची पिशवी दुकानात जन्मली, आणि तिचं कामच मुळी जास्त बाजार करायला लावणं हे होतं. पुढे प्लास्टिकने जे केलं त्याची सुरुवात इथे आहे.

प्लास्टिकची पिशवी स्वीडनमधली. नॉरशोपिंग गावच्या सेलोप्लास्ट कंपनीतले अभियंते स्टेन गुस्ताफ थुलिन ह्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची रचना केली आणि १९६५ साली कंपनीला अमेरिकन पेटंट मिळालं. तिला नावं ठेवण्याआधी तिची हुशारी मान्य केली पाहिजे. पॉलिथिनची चपटी नळी घ्यायची, वरखाली उष्णतेने चिकटवायची आणि वरच्या बाजूला मधला तुकडा कापून टाकायचा. झाले दोन बंद. म्हणजे बंद जोडायचेच नाहीत, ते पिशवीच्या अंगाचेच! आमच्या दोन विटांच्या परीक्षेत जिथे सगळे नापास होत, तो सांधाच थुलिननी नाहीसा करून टाकला. पाच-सहा ग्रॅमची पिशवी पाच-सहा किलो उचलते. भिजत नाही, कुजत नाही, आणि इतकी स्वस्त की फुकट देता येते.

थुलिन स्वतः मात्र अशी पिशवी घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हा पुन्हा वापरत, असं त्यांच्या मुलाने सांगितलं आहे. कागदाच्या पिशव्यांपायी झाडं तुटतात, त्याला पर्याय म्हणून त्यांनी ती काढली होती. ती एकदा वापरून फेकायची आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. मला ह्या माणसाबद्दल वाईट वाटतं. रचना शंभर टक्के बरोबर होती. फुकट मिळणारी वस्तू कुणी जपत नाही, एवढंच तिला बाधलं.

आपल्याकडे ही पातळ पिशवी घरोघरी पोचायच्या आधी मधला एक काळ होता आणि त्यात दोन पिशव्या गाजल्या. एक शबनम. खांद्याला अडकवायची, खादीची किंवा हातमागाची, आत दोन पुस्तकं आणि एखादं मासिक. समाजवादी कार्यकर्ते, कवी, प्राध्यापक, पत्रकार सगळ्यांच्या खांद्यावर ती असे. ती बाजारची नव्हेच, पण तिने एक दाखवलं की साधी कापडी पिशवी मिरवताही येते. दुसरी वायरची. प्लास्टिकच्या रंगीत वायरींचे जुडगे मिळत आणि बायका दुपारच्या वेळी गाठी मारून त्यांच्या पिशव्या विणत. चौकटी, फुलं, नावाची अक्षरंसुद्धा. भाजीला, देवळात, माहेरी, सगळीकडे ती जाई. पावसात भिजली तर झटकली. तुटली म्हणून टाकलेली वायरची पिशवी मी पाहिलेली नाही. प्लास्टिकचीच, पण चाळीस वर्षं टिकणारी! म्हणजे दोष सगळा प्लास्टिकच्या माथी मारून चालणार नाही. वायरच्या पिशवीत खोट एकच, तिची घडी होत नाही. बाजाराला जायचं ठरवून निघालात तरच ती बरोबर. ऑफिसातून येता येता कोथिंबीर दिसली तर ती घरी खुंटीवर.

नोकरदार बाईच्या ह्या ‘येता येता’ने कापडी पिशवीचा घात केला, असं माझं मत आहे. आळसाने नव्हे.

आता घोषवाक्याच्या पिशवीकडे येऊ. वाक्य लिहिलेली आणि पर्यावरणासाठी म्हणून काढलेली पिशवी आधी कुठे गाजली, तर माझ्या वाचनाप्रमाणे स्वित्झर्लंड आणि जर्मनीत, १९७० च्या दशकात. ‘प्लास्टिकऐवजी ज्यूट’ अशा अर्थाचे तीन जर्मन शब्द आणि ज्यूटची खरबरीत पिशवी. जर्मनीत ती मोहीम १९७८ साली सुरू झाली. पण पिशव्या शिवल्या जात होत्या बांगलादेशात. (आपल्याकडे शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग वेगळा, हा बंगालचा, पाण्यात उभा राहणारा, गोणपाटाचा.) ह्याला पार्श्वभूमी आहे. १९४७ च्या फाळणीत ज्यूटची शेतं बहुतांश पूर्व बंगालात राहिली आणि गिरण्या हुगळीकाठी कलकत्त्याकडे. त्यानंतर कृत्रिम धाग्याच्या गोण्या आल्या आणि ज्यूटचा भाव पडत गेला. त्यात १९७१ चं युद्ध. नवरे गमावलेल्या, घरं जळालेल्या बायकांना काम देण्यासाठी ज्यूटच्या हस्तकलांच्या संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांनी शिवलेल्या पिशव्या युरोपातल्या चर्चच्या आणि तरुणांच्या गटांनी विकायला घेतल्या. म्हणजे त्या तीन शब्दांत नुसता कचऱ्याचा विचार नव्हता, कुणाच्या हाताला काम मिळतं हाही होता. ज्यूट अंगाला टोचतं, त्याचे धागे कपड्यांना चिकटतात, तरी ती पिशवी एका पिढीची ओळख होऊन बसली.

त्याच बांगलादेशात पुढे पातळ पिशव्यांनी गटारं तुंबली. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत पाणी न ओसरण्याला त्या कारण ठरल्या असं तिथे मानलं गेलं आणि २००२ साली देशभर त्यांवर बंदी आली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. आपल्याला ही गोष्ट कळायला २६ जुलै २००५ यावा लागला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस! इतक्या पावसाला नुसत्या पिशव्या जबाबदार नव्हत्या; मिठी नदीचं काय केलं होतं आपण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नाल्यांच्या तोंडाशी पिशव्यांचे थर निघाले हेही खरं. त्यानंतर राज्यात नियम झाले, पातळ पिशव्यांना मनाई झाली, आणि हळूहळू त्या परत आल्या. बांगलादेशातही बंदी सैल पडत गेली आणि २०२४ साली ती नव्याने अमलात आणावी लागली. नुसत्या बंदीने पिशवी हातात येत नाही, हे दोन्हीकडे दिसलं.

आयर्लंडने दुसरा मार्ग धरला. ४ मार्च २००२ पासून दुकानातल्या प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर, आणि तो दुकानदाराने नव्हे, गिऱ्हाइकाने द्यायचा. माणशी वर्षाला सव्वातीनशेच्या घरात असलेल्या पिशव्या एकविसावर आल्या. घोषवाक्य नाही, चित्र नाही. पिशवीची रचना तीच, फक्त तिचं फुकटपण काढून घेतलं.

इंग्लंडमध्ये मात्र मोठी गंमत झाली. आन्या हिंडमार्च ही नामवंत डिझायनर. तिने २००७ साली एका सामाजिक संस्थेबरोबर सुती कापडाची पिशवी काढली. दोरीचे बंद आणि वर ठळक अक्षरांत ‘मी प्लास्टिकची पिशवी नाही’ एवढंच इंग्रजी वाक्य. २५ एप्रिलला सेन्सबरीच्या दुकानांत ५ पौंडांना २० हजार पिशव्या ठेवल्या. पहाटेपासून रांगा, रांगेत सुमारे ८० हजार लोक होते असं हिंडमार्चचं म्हणणं. त्या दिवशीच त्या संपल्या आणि मग कित्येक पट किमतीला इंटरनेटवर विकल्या गेल्या. तैवानमध्ये तर चेंगराचेंगरी होऊन माणसं इस्पितळात गेली. पिशवीसाठी! नंतर कळलं की पिशव्या चीनमध्ये शिवल्या होत्या आणि कापूस काही सेंद्रिय नव्हता. टीका झाली. हिंडमार्चचं म्हणणं असं की लोकांचं लक्ष वेधायचं होतं आणि ते वेधलं गेलं. ते खरंच होतं. पण ज्या पिशवीची किंमत इतकी चढली, तिच्यात बटाटे कोण भरणार? (ह्याच बाईंनी २०२० साली प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून केलेल्या कापडाची पिशवी काढली आणि तिच्यावर लिहिलं ‘मी प्लास्टिकची पिशवी आहे’. विनोदबुद्धी आहे खरी.)

त्यानंतर कापडी पिशवीची लाटच आली, आणि तिच्या मागोमाग हिशोब मांडणारे आले. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली एक अहवाल काढला. कापूस पिकवणं, सूत, विणकाम, वाहतूक सगळं धरून हवामानावरचा भार मोजला. एका सुती पिशवीचा भार फिटायला ती निदान १३१ वेळा वापरली पाहिजे, तेव्हा ती पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करते. आठवड्यातून दोनदा बाजार धरला तर वर्षाचे १०४ खेपा. म्हणजे सव्वा वर्ष. ते काही अवघड नाही. पण डेन्मार्कच्या सरकारी अहवालाने २०१८ मध्ये खळबळ उडवली. पर्यावरणाच्या सगळ्या कसोट्या लावल्या तर साध्या सुती पिशवीला ७१०० खेपा आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला २० हजार! आपल्या दोन बाजारांच्या हिशोबाने पहिलीला ६८ वर्षं, दुसरीला १९२. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं त्या १८३२ साली शिवलेली पिशवी हिशोब पुरा करायला २०२४ उजाडलं असतं.

हे आकडे सांगून कापडी पिशवीची टिंगल करणारे बरेच भेटतात, म्हणून थोडं थांबून पाहू. ते अवाढव्य आकडे मुख्यतः ओझोनच्या थराच्या एका कसोटीमुळे फुगले आहेत. नुसतं हवामान घेतलं तर त्याच अहवालात ५२ आणि १४९ खेपाच येतात. सेंद्रियचा आकडा मोठा, कारण एकरी उत्पन्न कमी धरलं आहे. दुसरं, गटार तुंबणं, गाईच्या पोटात जाणं, समुद्रात पोचणं हे ह्या हिशोबात धरलेलंच नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. हा सगळा हिशोब नव्या कोऱ्या कापडाचा आहे. ह्यांच्या पँटचा नाही. तिचा कापूस पँटसाठी पिकला, सूत पँटसाठी कातलं गेलं, आणि पँटने आठ वर्षं चाकरी केल्यावर पिशवी झाली. त्या पिशवीच्या खात्यावर टाकायला दोरा आणि तासाभराची शिवण एवढंच उरतं. विदर्भात कापूस पिकवायला काय पडतं, पाण्याचं, फवारणीचं आणि माणसांचंही, हे वाचल्यावर सत्कारात वाटायला नव्या मांजरपाटाच्या पाचशे पिशव्या शिवणं मला पटेनासं झालं आहे.

इंग्लंडमध्येच ‘जन्मभराची पिशवी’ अशा नावाने जाड प्लास्टिकच्या पिशव्या विकायला लागले. एका पाहणीत निघालं की २०१८ साली मोठ्या दुकानांनी त्या दीड अब्ज विकल्या, घरटी सुमारे ५४. एका घराला वर्षात चोपन्न जन्म!

आपल्याकडे २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली. दंड पहिल्या वेळी ५ हजार. पाठोपाठ बाजारात ती रंगीत, कापडासारखी दिसणारी, हाताला मऊ लागणारी पिशवी बोकाळली. दुकानदार शपथेवर तिला कापडी म्हणतो. ती विणलेली नसते. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने दाबून केलेला तो पत्रा असतो. भिंगातून पाहिलं तर उभा-आडवा धागा दिसत नाही, आणि टोक जाळलं तर सुतासारखी राख न होता वितळून मणी होतो. वर्षभरात तिचा भुगा व्हायला लागतो. तिच्यावर झाडाचं चित्र मात्र हमखास. केंद्र सरकारने २०२१ च्या नियमांत तिच्यासाठी चौरस मीटरला ६० ग्रॅम ही किमान जाडी घातली, म्हणजे ती प्लास्टिकच आहे हे सरकारी कागदावर आलं.

ह्या सगळ्यांत मला मनापासून आवडली ती तमिळनाडूची पिवळी पिशवी, मंजप्पै. मंजळ म्हणजे हळद, पै म्हणजे पिशवी. लग्नात वधूवरांची नावं छापून नारळ-पान-सुपारी घालून ती पाहुण्यांना द्यायची जुनी रीत. हळदीचा रंग शुभ, मळही लवकर दिसत नाही. घराघरांत तिचा ढीग, त्यामुळे बाजाराला तीच. पण पुढे असं झालं की शहरात पिवळी पिशवी घेऊन फिरणारा म्हणजे खेड्यातून आलेला बावळट, अशी टर उडायला लागली. सिनेमातही. माणसं ती लपवायला लागली आणि प्लास्टिकची घ्यायला लागली. तिथे २०१९ च्या सुरुवातीपासून प्लास्टिक बंदी होतीच. २३ डिसेंबर २०२१ ला मुख्यमंत्री स्टॅलिन ह्यांनी ‘पुन्हा पिवळी पिशवी’ अशी मोहीम काढली. नवी रचना नाही, नवं चित्र नाही, तीच जुनी पिशवी. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात १० रुपये टाकले की पिवळी पिशवी बाहेर येणारं यंत्र बसवलं. ह्या मोहिमेने कचरा किती घटला ते मी सांगू शकत नाही. पण रोग बरोबर ओळखला. पिशवी जुनी झाली म्हणून सुटलेली नव्हती. ती सुटली होती लाजेने. आपल्याकडेही कापड दुकानांच्या आणि सराफांच्या नावाच्या पिशव्या घेऊन पुण्या-मुंबईला उतरलेल्या माणसांकडे कसं पाहिलं जायचं, ते आठवून बघा.

इथे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं सांगायला हवं. संघाने वर्धापनदिनाला पर्यावरणपूरक पिशवी काढायचं ठरवलं, शिवायला जवळच्या वस्तीतला महिला बचत गट, आणि ‘बाई, घोषवाक्य तुम्ही द्या’ म्हणून माझ्याकडे आले. मी घोषवाक्याऐवजी मापं दिली. रुंदी १४ इंच, उंची १५. बंदासकट पिशवी लोंबती धरली तर बुटक्या बाईच्या हातातही जमिनीला लागता कामा नये, म्हणून बंद हातात धरायचे तर आखूड आणि खांद्याला अडकवायची असेल तर वेगळी पिशवी. एकीतच दोन्ही करू नये. बंद तळाखालून फिरवलेले. आत एक आडवी पट्टी, म्हणजे टोमॅटो बटाट्यांखाली जात नाहीत. आणि तोंडाशी आतून एक छोटा खिसा, ज्यात ती सगळी पिशवी उलटवून घडी होऊन बसेल. कारण साडी नेसणाऱ्या बाईला खिसा नसतो, तिची पिशवी पर्समध्ये मावली तरच ‘येता येता’ उपयोगी. कापड सभासदांनी घरून आणायचं, जुनं पण विरलेलं नको. त्यामुळे दोन पिशव्या एकसारख्या होणार नाहीत.

ह्यावर सभेत बरीच हमरीतुमरी झाली. एकसारख्या नसतील तर फोटोत कशा दिसतील, हा पहिला आक्षेप. देणगीदाराचं नाव कुठे छापायचं, हा दुसरा; ते आतल्या खिशावर छापा म्हटल्यावर देणगीदार नाराज. पण खरा प्रश्न शिलाईचा निघाला. नव्या ठाणातून एका मापाच्या शंभर पिशव्या कापून शिवणं सोपं. जुन्या कापडात प्रत्येक तुकडा वेगळा, उसवायचा, धुवायचा, चांगला भाग बघून कापायचा. बचत गटातल्या बायकांनी सरळ सांगितलं की हे काम दुप्पट वेळाचं आहे. आमच्या काही सभासदांना वाटतं की कापड फुकट तर पिशवी स्वस्त व्हायला हवी. मी बायकांच्या बाजूने बोलले. पूर्वी ती शिवण स्वस्त होती, कारण घरातल्या बाईच्या वेळेला किंमत नव्हती. आता ती शिवण दुसरीकडून करून घ्यायची तर पैसे मोजायला हवेत.

नमुन्याच्या सहा पिशव्या शिवून आल्या आहेत. माझ्या खिडकीच्या गजाला त्या टांगल्या, प्रत्येकीत दोन विटा. पाच टिकल्या, सहावीचा एका साडीच्या काठाचा बंद जरीशी उसवला. जरीचा काठ बंदाला घ्यायचा नाही असं कळवलंय. शिलाईचा दर पिशवीमागे किती, ते पुढच्या महिन्याच्या सभेत ठरेल.